फ्रिजला लावलेलं सलाईन : प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर, शनिवार

फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्री फार वेळ घुरघुरतो, ही माझी तक्रार. तो नेहमीसारखाच आहे, हे घरातल्या बाकी सगळ्यांचं मत. मतं एकमेकांवर आपटून काही निघत नाही, म्हणून आकडेच गोळा करायचे ठरवलं. दोन वर्षं खणात पडून असलेला रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा चिमुकला संगणक-बोर्ड बाहेर काढला.

बेत असा: तापमान मोजणारे डीएस१८बी२० जातीचे तीन सेन्सर. एक फ्रिजच्या आतल्या हवेत, दुसरा आतच पण पाण्याच्या बाटलीत बुडवलेला, तिसरा बाहेर, मागे कॉम्प्रेसरच्या कवचाला चिकटवलेला. दर तीस सेकंदांनी वाचन. पंधरा दिवस झाले की आलेख काढायचा आणि वाद मिटवायचा.

हाच सेन्सर का, तर तिघांना मिळून डेटाची एकच तार पुरते. प्रत्येकाच्या पोटात ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. बोर्ड नाव घेऊन हाक मारतो, ज्याचं नाव तोच ओ देतो. शिवाय तो थेट अंक पाठवतो. पायला अ‍ॅनलॉग व्होल्टेज वाचता येत नाही, त्यामुळे हे सोयीचं.

आज फक्त पिना सोल्डर करून झाल्या. बोर्ड बिनपिनांचा घेतलेला, चाळीस भोकं रिकामी. पहिल्या पाच पिना झटपट बसल्या आणि सहाव्या पिनेवर गाडी अडली. ही ग्राऊंडची पिन. बोर्डाच्या आत ती तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेली असल्याने टोकाची सगळी ऊब तो पत्राच पिऊन टाकतो. कथील पिनेवर गोळा होऊन बसलं, वरून मोत्यासारखा चकचकीत मणी, पण भिंगातून पाहिलं तर खाली केसाएवढी फट. सोल्डरिंगचं टोक पिन आणि भोकाभोवतीचं कडं या दोघांना एकदम टेकवायचं, मनात चारपर्यंत मोजायचं आणि मगच कथील लावायचं. ते आपोआप भोकात ओढलं जाऊन कडेला उतार धरतं. ग्राऊंडच्या आठ पिना असतात. आठही पुन्हा तापवल्या.

१२ ऑक्टोबर

सकाळ वाया. वन-वायर, म्हणजे सेन्सरशी एका तारेवर बोलण्याची सोय, चालू करण्यासाठी कॉन्फिगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची असते. माझ्या जुन्या वहीत त्या फाइलचा जुना पत्ता. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती 'बूट'मधून 'बूट'च्या पोटातल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी त्याच नावाची फाइल अजून आहे आणि तिच्यात 'इथे हात लावू नका, मुक्काम हलला आहे' अशी पाटी आहे. ती पाटी मी वाचली कधी? तिच्याखाली माझी ओळ लिहून, दोनदा रीस्टार्ट करून झाल्यावर.

दुपारी ब्रेडबोर्डावर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, जोडणी. एक नंबरच्या पिनेवरून ३.३ व्होल्ट, सहावरून ग्राऊंड, सातवरून डेटा. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर: पिवळा, जांभळा, लाल. हा विसरला की एकही सेन्सर दिसत नाही. सेन्सरला तार फक्त खाली खेचता येते, वर ओढायचं काम या रेझिस्टरचं.

दोन सेन्सर स्टीलच्या टोपीतले, दोन मीटर केबलवाले. तिसरा सुटा, तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा. चपटी बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय ग्राऊंड. मी तो पाठमोरा लावला. बोर्ड चालू केल्यावर तिघांपैकी एकही दिसेना, म्हणून पाय नीट बसलेत का ते बघायला सुट्याला बोट लावलं आणि चटका बसला. पटकन काढला. अर्ध्या तासाने सरळ लावून पाहिला, तर चालला! हे नशीब प्रत्येक वेळी मिळेल असं धरून चालू नये.

संध्याकाळी पहिलं वाचन: २३१२५. हजाराने भागायचं, म्हणजे २३.१२५ अंश. त्याच्या वरच्या ओळीच्या शेवटी 'येस' आलं तर सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला, म्हणजे आकडा वाटेत बिघडलेला नाही. एका वाचनाला पाऊण सेकंद लागतो, तिघांना मिळून सव्वादोन.

१४ ऑक्टोबर

तिघंही एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर तीन वेगळी उत्तरं: २३.१, २३.४, २२.९. कागदावर हमी अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे कुणाला खोटं म्हणता येत नाही. पण मला अर्ध्या अंशाचे फरकच वाचायचे आहेत.

मग बर्फाची परीक्षा. थर्मासमध्ये बर्फ आणि पाणी, त्यात तिघे. सुट्या सेन्सरच्या पायांवर आवरणाची नळी चढवून पाणी शिरणार नाही एवढी काळजी घेतली. पहिलं उत्तर आलं ३.२५! चक्रावलो. मग लक्षात आलं की बर्फ सगळा वर तरंगतोय आणि सेन्सर तळाशी. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना, आणि तेच तळाला जाऊन बसतं. सेन्सर खरं बोलत होता, परीक्षाच चुकीची होती. बर्फ बारीक कुटून थर्मास तळापर्यंत ठासून भरला, पाणी फक्त फटी भरतील इतकंच, आणि दहा मिनिटं ढवळत बसलो.

हवेचा सेन्सर: ०.१८७५. बाटलीचा: ०.४३७५. सुटा: उणे ०.०६२५. हा सेन्सर ०.०६२५ च्या पायरीनेच चढउतार करतो, म्हणून असे विचित्र अपूर्णांक. तिघांची ही वजावट प्रोग्राममध्ये टाकली.

सर्वांत जास्त चुकणारा जो बाटलीचा, त्याच्या ६४ बिटांच्या क्रमांकात जिथे शून्यं असायला हवीत तिथे भलतेच अंक आहेत. नावातलं 'डीएस' हे डॅलस सेमीकंडक्टरचं. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमकडे आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनलॉग डिव्हायसेसकडे गेली. माझा हा सेन्सर यांपैकी कोणाच्याही घरचा दिसत नाही. असो. चूक कायम तेवढीच राहिली तर मला दत्तक मुलगाही चालेल.

१५ ऑक्टोबर

सगळं बसवलं. दोन्ही केबली दाराच्या रबरी पट्टीखालून आत घेतल्या. बाहेरच्या बाजूला फ्रिजच्या पॉवर कॉर्डला टायने ओळीत बांधून खाली आणल्या. फार नीटनेटकं दिसतंय. आईने येऊन पाहिलं. "अरे, फ्रिजला सलाईन लावलंयस की काय?"

२० ऑक्टोबर, सोमवार

पाच दिवसांचा पहिला आलेख.

हवेचा सेन्सर करवतीच्या दात्यांसारखा: २.५ पासून ७ पर्यंत चढतो, धपकन उतरतो, पुन्हा चढतो. बाटलीतला मात्र ४.३ च्या आसपास शांत पडून असतो. दार उघडलं की हवेचा आकडा उसळून ११ पर्यंत जातो आणि बाटलीला त्याची खबरही लागत नाही. फ्रिजमधलं दूध हे बाटलीसारखंच असणार. म्हणजे फक्त हवेचा सेन्सर लावला असता तर मी उगाच घाबरलो असतो.

आणखी एक: दर काही तासांनी हवेच्या रेषेला मोठं कुबड येतं, तेव्हा कॉम्प्रेसर बराच वेळ बंद. आधी वाटलं बिघाड. हे डीफ्रॉस्ट आहे. मागच्या नळ्यांवरचा बर्फ वितळवायला फ्रिज स्वतःच आतला हीटर लावतो.

आता भानगड. बाटलीचा आकडा पाच दिवसांत सात वेळा ८५.००० झाला आहे. ४.३, मग ८५, मग पुन्हा ४.३. सीआरसी प्रत्येक वेळी बरोबर.

८५ हा योगायोगाचा आकडा नाही. या सेन्सरला वीज मिळाल्याबरोबर त्याच्या पाटीवर ८५ लिहिलेलं असतं, पहिलं माप घेतल्यावर ते पुसलं जातं. म्हणजे माप घेता घेताच सेन्सर विझून पुन्हा पेटतोय. तो '८५' इमानदारीने पाठवतो, ते वाटेत बिघडत नाही, म्हणून सीआरसीला काही वावगं दिसत नाही. निरोप्या चोख आहे, निरोपच खोटा.

८५ दिसला की गाळून टाक, अशी एक ओळ लिहून मोकळं होता येईल. बहुतेक जण तेच करतात. पण मग खाली काय चाललंय ते कळणार कसं?

२१ ऑक्टोबर

पहिला संशय विजेवर. मोटार सुरू होताना जबर करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसतं, बिचारा सेन्सर विझतो. वीज कमी पडल्याची नोंद पायच्या झिरो जातीच्या बोर्डांत होत नाही, त्यामुळे बोर्डाला विचारून उपयोग नव्हता.   पण चार्जर एका जुन्या फोनचा, केबल तर त्याहून जुनी. मनासारखा आरोपी सापडला!

अडीच अँपिअरचा अडॅप्टर लावला. 

२३ ऑक्टोबर

अडॅप्टर नवा, तरीही ८५ दोनदा आला.

आता शांतपणे बसून सगळे नऊ ८५ कॉम्प्रेसरच्या सेन्सरच्या रेषेवर ठेवले. कवच तापायला लागलं की कॉम्प्रेसर चालू, निवायला लागलं की बंद. नऊच्या नऊ ८५ हे निवायला सुरुवात होण्याच्या ठिकाणी. सुरू होताना एकही नाही. म्हणजे व्होल्टेज बसण्याची माझी गोष्ट साफ कोसळली, कारण बंद होताना मोटार काही ओढत नसते. चार्जर विनाकारण पकडला गेला होता.

रात्री ११.४०. बाटलीचा सेन्सर न थांबता वाचत राहील असा प्रोग्राम लावला आणि लॅपटॉप घेऊन फ्रिजसमोर पाटावर बसलो. ४.३, ४.३, ४.३. पंचवीस मिनिटं काही नाही. मग आत थर्मोस्टॅटने टक् केलं, घुरघुर थांबली आणि पडद्यावर ८५. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

मोटारीच्या वेटोळ्यातून वाहणारा करंट थर्मोस्टॅट एकदम तोडतो. वेटोळं ते सहजी होऊ देत नाही, संपर्काच्या फटीत ठिणगी पडते आणि पॉवर कॉर्डमधून एक धक्का जातो. आणि त्या कॉर्डला मीटरभर लांबी गळामिठी मारून माझी केबल बांधलेली. बांधली कोणी? नीटनेटकेपणाची हौस असलेल्या माणसाने.

इतके दिवस ते क्वचितच का दिसलं, हेही उलगडलं. सेन्सर तीस सेकंदांतला पाऊणच सेकंद माप घेतो. टक् नेमकं त्या पाऊण सेकंदात झालं तरच ८५ नोंदला जातो, एरवी सेन्सर विझून उठतो आणि पुढच्या वेळी काही झालंच नाही अशा थाटात ४.३ सांगतो. हवेच्या सेन्सरने एकदाही ८५ दाखवला नाही. त्याची केबल तितकीच बांधलेली आहे. दत्तक मुलगा धक्क्याला जास्त हळवा असावा, एवढाच तर्क.

२५ ऑक्टोबर

एका वेळी एकच बदल, असं स्वतःला बजावून. दोन रात्री अखंड वाचन.

पहिली रात्र, सगळं होतं तसंच: कॉम्प्रेसर १४ वेळा बंद झाला, ८५ आला ११ वेळा. दुसरी रात्र, टाय कापून केबल कॉर्डपासून वीतभर लांब: १३ पैकी ३.

आज धक्का पचवायला कपॅसिटर. तो सेन्सरच्या जितका जवळ तितका बरा, पण सेन्सर स्टीलच्या टोपीत बंद. म्हणून टोपीपासून चार बोटांवर केबलचं बाहेरचं आवरण ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरलं. आत लाल, काळी, पिवळी. लाल आणि काळीचं प्लास्टिक प्रत्येकी चार मिलिमीटर सोललं, दोन्ही जागा समोरासमोर येऊ न देता पुढेमागे, नाहीतर एकमेकांना टेकतील. उघड्या तांब्यावर आधी नुसतं कथील फिरवून घेतलं. मग १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचे पाय आखूड कापून एक एक डाग दिला. वरून आकसणारी नळी. ती केबल तोडली असती तरच सरकवता आली असती, हे सोल्डर झाल्यावर आठवलं. शेवटी टेपच गुंडाळली.

२६ ऑक्टोबर

१५ पैकी शून्य.

कपॅसिटर ठेवून केबल पुन्हा कॉर्डजवळ नेली तर काय होतं, हे बघायचा मोह आहे. पण टाय संपले.

२९ ऑक्टोबर

रात्री वीज गेली होती. नोंदींत ३.१७ नंतर पुन्हा २.५१ वाजले आहेत, मग २.५२, २.५३, आणि मग एकदम ५.०८. पायच्या जुन्या बोर्डांत स्वतःचं घड्याळ नाहीच. २०१२ च्या पहिल्या मॉडेलपासून हेच चालत आलं, बॅटरीवर चालणारं घड्याळ २०२३ च्या पाय ५ मध्ये आलं. वीज आल्यावर माझा बोर्ड शेवटची जपून ठेवलेली वेळ उचलतो आणि तिथून मोजत सुटतो. इंटरनेट मिळालं की खरी वेळ कळते. राऊटर माझ्या बोर्डापेक्षा सावकाश जागा झाला, तेवढ्यात दोन-तीन मिनिटं भूतकाळात नोंदली गेली.

वर, वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेल्या फाइलच्या शेवटी नुसता रिकामा कचरा. कार्ड वाचलं हे नशीब.

डीएस३२३१ घड्याळाचं मोड्यूल लावलं. तीन आणि पाच नंबरच्या पिना, तार वर ओढणारे रेझिस्टर (पुल-अप) बोर्डावरच आहेत, काही घालावं लागत नाही. त्याचा पत्ता ६८. ड्रायव्हरने ताबा घेतला की जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ६८ च्या जागी 'यूयू' दिसतं, तेव्हा समजायचं काम झालं. मोड्यूलवर नाणं-बॅटरी चार्ज करणारी जोडणी आहे आणि मी घातलेली सीआर२०३२ चार्ज करायची नसते. एक चिमुकला रेझिस्टर उपटून ती वाट बंद केली.

लिखाणही बदललं: वाचनं मेमरीत साठतात, पाच मिनिटांनी एकदाच कार्डावर उतरतात. वीज गेली तर पाच मिनिटांचा डेटा जाईल. जाऊ दे.

५ नोव्हेंबर

आठवडाभराचा स्वच्छ डेटा. एकही ८५ नाही, घड्याळ मागे गेलेलं नाही.

रात्री बारा ते सहा: कॉम्प्रेसर ४३ टक्के वेळ चालू. दिवसा: ५१ टक्के. म्हणजे रात्री तो जास्त नाही, कमीच चालतो. रात्री बाकी सगळं गप्प असतं म्हणून ऐकू येतो. आईला सांगितलं. "मी काय म्हणत होते?" एवढंच म्हणाली आणि गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

फ्रिज पुसताना दिसलं की जिथून केबली आत जातात तिथे रबरी पट्टीवर पाण्याचे थेंब आहेत. फक्त तिथेच, दोन्ही बाजूंना बोटभर. केबली गोल, चार-साडेचार मिलिमीटर जाड. पट्टी त्यांच्यावरून कमानीसारखी उचलली जाते आणि दोन्ही कडांना त्रिकोणी फट राहते. बोट धरलं तर गार झुळूक लागते.

म्हणजे ४३ टक्क्यांत माझ्या केबलींचा वाटा किती? आतले सेन्सर हे सांगू शकत नाहीत, कारण ते आत असतील तर फटही असणार. पण कॉम्प्रेसरच्या कवचावरचा सेन्सर बाहेर आहे. त्याला दारातून काहीच न्यावं लागत नाही.

दोन्ही केबली बाहेर काढल्या.

१२ नोव्हेंबर

तीन रात्री, केबली नाहीत: ३६, ३५, ३६ टक्के.

हवा गार झाल्यामुळेही असेल. आज रात्री केबली पुन्हा आत.

१४ नोव्हेंबर

दोन रात्री, केबली आत: ४२, ४३.

गेला महिनाभर फ्रिज जो जास्तीचा राबत होता तो मी मोजत होतो म्हणून. मूळ तक्रार मात्र केबली लावण्याच्या आधीची होती, तिचं उत्तर ३६. हे जास्त की कमी, ते ठरवायला या फ्रिजचा तो नवा असतानाचा आकडा लागेल. तो माझ्याकडे नाही. दोन वर्षं बोर्ड खणात होता.

१५ नोव्हेंबर

केबली कायमच्या काढल्या. कवचावरचा सेन्सर तिथेच राहू देतोय, पुढच्या वर्षी या ३६ शी ताडून बघता येईल. बाटलीचा सेन्सर चपट्या रिबन केबलला जोडून बघायचा आहे. पट्टीखाली कागदाइतकी जाडी राहिली पाहिजे.

आई फ्रिज उघडता उघडता थांबली. "सुटलं का सलाईन?"

"सुटलं."

"मग आता पाट उचल तिथून."